चालू होतो, एवढंच

जुना कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला काहीही विचारावं, पण "मग याच्यावर तुम्ही करता काय?" एवढं विचारू नये. पाहुणे नेमकं तेच विचारतात, आणि तेही चहाचा पहिला घोट घेताना, त्यामुळे "चहा टाकतो" म्हणून आत सटकायची सोयही राहत नाही. खरं उत्तर असं आहे की तो चालू करायचा. पंख्याची घरघर ऐकायची, पडद्यावर मेमरीचे आकडे चढताना बघायचे, एक बीप ऐकायचा. काळ्या पडद्यावर सी प्रॉम्प्ट लुकलुकला की 'डीआयआर' टाइप करायचं. फायलींची यादी सरसर वर गेली की घरातल्या कोणाला तरी हाक मारायची आणि कोणी आलं नाही की बंद करायचा. ज्या यंत्राने एके काळी अख्ख्या पतपेढीचे हिशेब केले, त्याच्याकडून आता फक्त उठून बसण्याची अपेक्षा असते.

आणि उठून बसणं हेच त्याला जड जातं.

लोकांना वाटतं, इतक्या वर्षांनी याची चिप गेली असणार. चिपला सहसा काहीही झालेलं नसतं. इंटेलची ३८६ ही चिप १९८५ साली आली. त्या पिढीच्या चिपा आजही ठणठणीत सापडतात. मरतात ती किरकोळ मंडळी. बॅटरी, कपॅसिटर, रबराचा तुकडा, ज्यांचं नाव बिलावरही कधी आलं नाही. लाखभर रुपयांचं यंत्र पाच रुपयांच्या वस्तूपायी आडवं पडलेलं असतं. या छंदातला बहुतेक वेळ त्या पाच रुपयांच्या वस्तूचा शोध घेण्यात जातो आणि बहुतेक पैसा ती परदेशातून मागवण्याच्या टपालखर्चात.

बॅटरीचंच घ्या. ३८६ आणि ४८६ च्या मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची एक बॅटरी असे. मशीन बंद असताना तारीख-वेळ आणि चार सेटिंगं लक्षात ठेवायची, एवढंच तिचं काम. काही वर्षांनी ती फुटते आणि तिच्यातला क्षार बोर्डवर पसरतो. तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात, मग नाहीशा होतात. बरेच बोर्ड या बॅटरीने खाल्ले आहेत, आणि ते सगळे माळ्यावर, खोक्यात, थर्मोकोलसकट, नीट जपून ठेवलेले असताना खाल्ले आहेत. उपाय घरातलाच आहे: व्हिनेगर. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावायचं, क्षार मारायचा, जुन्या टूथब्रशने घासायचं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. यासाठी लागणारी एकूण एक वस्तू दुसऱ्या कोणाची तरी असते. व्हिनेगर स्वयंपाकघरातून जातं, कापूस देवघरातून, आणि टूथब्रश जुना आहे की चालू, याबद्दल घरात दोन मतं असतात.

काही यंत्रांत बॅटरी दिसतच नाही, कारण ती घड्याळाच्या चिपच्या आतच कायमची ओतून बंद केलेली असते. दहा वर्षं पुरेल अशी खात्री देऊन. दहा वर्षांनंतरही हा कॉम्प्युटर कोणाच्या घरात असेल, ही शंका त्या अभियंत्याला शिवलेली दिसत नाही. मग ती काळी ठोकळी एका बाजूने कानशीने घासायची, आतली धातूची दोन टोकं उघडी करायची, बॅटरीशी असलेला त्यांचा संबंध तोडायचा आणि त्यांना नाण्याएवढा सेल बाहेरून जोडायचा. चिपच्या डोक्यावर टेंगूळ आल्यासारखं दिसतं, पण तारीख राहते. अर्थात ज्या मशीनवर काहीच करायचं नाही, त्याला आजची तारीख कशाला हवी, हे विचारायची सोय नाही.

कपॅसिटर हा त्याहून बेरकी. बोर्डवर ॲल्युमिनियमचे इवलेसे डबे असतात, त्यांत एक द्रव असतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे डबे बोर्डच्या पृष्ठभागावर चिकटवून बसवायची पद्धत आली, आणि त्या पिढीतले कितीतरी डबे आता पाझरतात. वरून काही दिसत नाही. पण सोल्डरिंग आयर्नचं टोक लावलं, की भप्पकन मासळीचा वास सुटतो. खरोखरचा, नाकाला झोंबणारा. जिथे फ्लॅट विकताना 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य' अशी अट घालतात, तिथे हा छंद जपून करावा. "काय, आज बोंबील का?" असं जिन्यात कुजबुजत विचारणाऱ्याला "नाही हो, मॅकिंटॉश" असं सांगितलं तर तो आणखीच संशयाने बघतो.

वीजपुरवठ्याच्या डब्यात कागदाचा एक कपॅसिटर असतो, त्याची तऱ्हा वेगळी. वर्षानुवर्षं त्याच्या प्लास्टिकच्या कवचाला तडे जात राहतात आणि त्यातून हवेतली ओल आत शिरत राहते. मग एके दिवशी आपण मशीन लावतो. ते लगेच चालू होतं. आपण खूश. पाच-दहा मिनिटं जातात, घरातली मंडळी कौतुकाने जमतात, आणि नेमकं तेव्हाच आतून फट् असा आवाज येऊन खोली धुराने भरते. गंमत म्हणजे मशीन चालूच असतं. हा कपॅसिटर विजेतला खरखराट गाळायला असतो, त्याच्या जाण्याने हिशेबात फरक पडत नाही. धुरातून सी प्रॉम्प्ट शांतपणे लुकलुकत राहतो आणि आपण "काही नाही, काही नाही" म्हणत खिडक्या उघडत सुटतो.

रूपाचीही काळजी घ्यावी लागते. त्या काळच्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायनं घालत. उजेड आणि उष्णतेने ते पिवळं पडतं. जगभरच्या हौशी मंडळींनी यावर २००८ च्या सुमारास तोड काढली, ती म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. हे पेरॉक्साइड मलमाच्या रूपात सहज मिळतं ते ब्युटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात, केस सोनेरी करायला म्हणून. टक्कल पडलेला माणूस तिथे जाऊन बारा टक्क्यांच्या चार बाटल्या मागतो, तेव्हा दुकानदार त्याच्या डोक्याकडे बघून काहीच बोलत नाही, ही त्याच्या धंद्याची सभ्यता. ऊन मात्र आपल्याकडे मुबलक. एप्रिलमध्ये गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या कागदाखाली लोण्यासारखं मलम फासलेला कीबोर्ड, असं वाळवण पडतं. राखणीला बसवलेल्या पोराला सांगावं लागतं की कावळा कीबोर्डवर बसला तर चालेल.

पण हे सगळे बाळबोध आजार. खरा कस लागतो तो डिस्कच्या बाबतीत.

सुरुवातीच्या हार्ड डिस्कचा स्वभावच मानी. सीगेटची एसटी-२२५ ही वीस एमबीची डिस्क ज्यांनी वापरली, त्यांना 'पार्क' ही आज्ञा आठवत असेल. मशीन हलवण्याआधी ती द्यायची, म्हणजे वाचणारी डोकी सुरक्षित जागी जाऊन बसत. न देता टेबल सरकवलं तर माहिती ओरबाडली जायची भीती. पुढच्या पिढीच्या डिस्क बंद होताना आपण होऊन डोकी जागेवर नेऊ लागल्या, पण जागेवर नेलेलं डोकं वर्षानुवर्षं तबकडीवर टेकून राहिलं की चिकटतं. तबकडी आणि डोकं दोन्ही इतकी गुळगुळीत, वर वंगणाचा पातळ थर, की मोटरच्या जोराने ती सुटत नाहीत. वीज दिली की डिस्क नुसती हुंकार देते आणि गप्प बसते. यावरचा सर्वमान्य इलाज असा की डिस्क हातात सपाट धरायची आणि मनगटाला एक झटका द्यायचा, जेणेकरून आतल्या तबकड्या जडत्वाने जागच्या जागी राहतील आणि डोकी सुटतील. नाहीच सुटली, तर कडेला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकी थाप. टीव्हीला थाप मारत वाढलेल्या आपल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. फक्त थाप किती हलकी, यावर मतभेद आहेत, आणि ज्यांची चुकली ते चर्चेत भाग घेत नाहीत.

काही डिस्कमध्ये डोक्याचा हात जिथे विसावतो तिथे रबराचा छोटा ठोकळा असतो, धक्का बसू नये म्हणून. तीसेक वर्षांत त्या रबराचं डांबर होतं आणि हात त्यात रुतून बसतो. मग ज्या झाकणावर 'उघडू नये' असं लिहिलेलं असतं, ते उघडायचं. हे वाक्य वाचून डिस्कच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला घाम फुटेल, कारण तिथे धुळीचा कण मोजून आत सोडत. पण जुन्या, कमी क्षमतेच्या डिस्क थोडा वेळ खोलीची हवा सोसतात. पंखा बंद, श्वास रोखलेला, चिमट्याने डांबर काढायचं, त्या जागी दुसरा बारीकसा तुकडा बसवायचा आणि झाकण परत लावायचं. या वेळी दारावरची बेल वाजतेच.

पूर्वी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती, हे नव्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. शाळेत, कॉलेजात, बँकेत, सगळीकडे दाराशी चपलांचा ढीग, आत एसी आणि प्रत्येक मशीनवर प्लास्टिकचं आवरण. त्या खोलीत मुलं खोकायचीसुद्धा नाहीत. ती धूळ मशीनला फारशी बाधत नव्हती असं आता कळतं, पण त्या आदराचा फायदा झाला. तेव्हाचे कीबोर्ड आजही आतून कोरे करकरीत निघतात, बहुधा त्यांना हात लावायची परवानगी फक्त सरांना होती म्हणून.

माझ्यासारख्यांचे हे लाड परदेशात चाललेल्या लाडांपुढे काहीच नाहीत. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये १९५६ सालच्या आयबीएम रॅमॅकची डिस्क पुन्हा फिरती केली आहे. व्यावसायिक वापरात आलेली ही पहिली हार्ड डिस्क. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची, म्हणजे आज नातवाचा एक फोटो मावेल न मावेल. तिथेच १९५९ सालच्या मालिकेतली दोन आयबीएम १४०१ यंत्रं स्वयंसेवकांनी जिवंत केली. एक आलं कनेटिकटमधल्या एका घराच्या तळघरातून, दुसरं जर्मनीतून. जर्मन यंत्राला तिकडची पन्नास हर्ट्झची वीज लागते, म्हणून अमेरिकेत त्याच्यासाठी वीज बदलून देणारं वेगळं यंत्र बसवावं लागलं. परदेशात जाऊनही घरचंच पीठ लागणाऱ्या आपल्या मंडळींना हे समजू शकेल. हे स्वयंसेवक बरेचसे आयबीएमचेच निवृत्त अभियंते. सुटे भाग कुठून तरी मिळतात, पण एखादी खरखर ऐकून "तिसऱ्या कप्प्यातलं कार्ड" असं सांगणारा माणूस कुठल्याच दुकानात मिळत नाही.

इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारातल्या संग्रहालयात हार्वेल इथे बनलेलं १९५१ चं यंत्र आहे, अडीच टनांचं. २०१२ साली ते दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालं. दोन आकड्यांचा गुणाकार करायला ते पाच ते दहा सेकंद घेतं. यंत्राच्या तरुणपणी एका गणितज्ञाने हाताने चालवायचं गणनयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली होती. अर्धा तास माणूस बरोबरीने टिकला, मग दमून उठला. यंत्र पुढे चालूच राहिलं. माझ्या मते कॉम्प्युटरच्या सबंध इतिहासातला हा सगळ्यात प्रामाणिक विजय आहे. हुशारी नाही, वेग नाही, नुसता चिवटपणा. सरकारी खात्यात असतं तर बढती मिळाली असती.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा कॉम्प्युटर तयार झाला. १९६० मध्ये तो पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं बारसं झालं. तो आज चालता नाही. आपला स्वभाव टाकून देण्याचा मुळीच नाही. आपण फ्रिजचं खोकंसुद्धा फ्रिज गेल्यानंतर वीस वर्षं ठेवतो. पण ठेवणं वेगळं आणि चालतं ठेवणं वेगळं. माळ्यावर गेलेली वस्तू आपल्या लेखी सुरक्षित असते. तिथे बॅटरी तिला निवांत खात बसते.

माळा रिकामा झालाच, तर माल जुन्या बाजारात येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास पूर्वी मदरबोर्ड किलोवर मिळत. विक्रेत्याशी होणारा संवाद ठरलेला असे. "चालू आहे का?" "एकदम चालू, साहेब." "कशावरून?" "लाइट लागते." मग 'विंटेज' हा शब्द बाजारात पोचला आणि तोच माणूस त्याच बोर्डवरची धूळ मुद्दाम ठेवू लागला. पण आपला खरा प्रतिस्पर्धी हा विक्रेता नसतोच. तो असतो सोनं काढणारा. जुन्या सिरॅमिक चिपांच्या पायांना सोन्याचा मुलामा असतो, म्हणून त्या वजनावर विकत घेऊन ॲसिडात टाकणारी मंडळी आहेत. दुर्मीळ चिप आपल्या हाती लागण्याआधी अशा कोणाच्या तरी बादलीत विरघळलेली असते. सोन्याचा भाव वाढल्याची बातमी आली की घरात बायका हळहळतात आणि आम्हीही हळहळतो, कारणं वेगळी.

फ्लॉपीबद्दल जग हसतं, पण हसणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. अमेरिकेच्या अण्वस्त्र यंत्रणेतला एक संदेशवाहक भाग २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होता. त्या फ्लॉपीचा ड्राइव्ह कुठल्याच चोराकडे नसल्यामुळे ती सुरक्षितही होती. बोइंग ७४७-४०० विमानांच्या मार्गदर्शनाची माहिती दर २८ दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीने भरली जायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची नियंत्रणव्यवस्था १९९८ पासून फ्लॉपीवर. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, पण जपान सरकारला स्वतःच्या नियमांतून ती हद्दपार करायला २०२४ चा जून उजाडला.

कारखान्यांत आणि भरतकामाच्या मशीनवर अजूनही जिथे फ्लॉपीचं तोंड आहे, तिथे ड्राइव्ह काढून त्या जागी पेनड्राइव्ह घेणारी एक डबी बसवतात. मशीनला पत्ताही लागत नाही. छंदातली कर्मठ मंडळी याला बाटगेपणा मानतात, आणि सोयीची मंडळी म्हणतात की यंत्र चाललं म्हणजे झालं. पण सोयीच्या मंडळींनाही लवकरच घर सुनं वाटू लागतं, कारण पेनड्राइव्ह आवाज करत नाही. मग त्या डबीला एक छोटा स्पीकर जोडतात आणि तो खर्र-खट्ट, खर्र-खट्ट असा फ्लॉपीचा आवाज काढतो. तशी सोय डबीच्या सॉफ्टवेअरमध्येच करून ठेवलेली आहे. इतक्या दूरदृष्टीने कोणी आपले रस्ते बांधत नाही.

आपल्या हवेत फ्लॉपीचा मुख्य शत्रू बुरशी. पावसाळ्यात तबकडीवर पांढुरक्या नक्ष्या उमटतात. तशीच आत घातली तर बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला लागते आणि पुढच्या निरोगी फ्लॉपीला प्रसाद मिळतो. म्हणून आधी धातूचं झाकण सरकवून, तबकडी हाताने फिरवत अल्कोहोलने पुसायची, मग डोकं पुसायचं, मग वाचायला लावायची आणि मग डॉसचा तो जुना प्रश्न बघायचा: रद्द करू, पुन्हा बघू, की नापास धरू?

आमच्या सोसायटीच्या कपाटात अशी एक फ्लॉपी सापडली. वर बॉलपेनने 'महत्त्वाचे' एवढंच लिहिलेलं. कमिटीने ती माझ्याकडे सोपवली, कारण इमारतीत फ्लॉपीचं तोंड असलेलं मशीन दुसऱ्या कोणाकडे नाही आणि मी नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. बुरशी निघाली, फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे ढीग. युनिकोडच्या आधीचं मराठी ते. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाने 'क' वेगळ्या घरात बसवलेला. तो फॉन्ट नसेल तर तुकाराम आणि वीजबिल सारखेच दिसतात. फॉन्ट एका जुन्या डीटीपीवाल्याकडे निघाला, पण तो ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा त्याला प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं कुलूप लागे, आणि कुलूप त्यांच्या मुलाने 'काहीतरी जुनं' म्हणून टाकून दिलेलं. शेवटी फॉन्टची फाइल तेवढी वेगळी काढून बसवली आणि अक्षरं एकेक करून मराठीत आली.

ती थकबाकीदारांची यादी होती. १९९६-९७ ची. पहिलंच नाव सध्याच्या चेअरमनसाहेबांचं, पुढे रक्कम, त्यापुढे 'वारंवार सूचना देऊनही' असा शेरा.

सर्वसाधारण सभेत मी ती वाचून दाखवली नाही, नुसती टेबलावर ठेवली. ती सभा संपेपर्यंत हातोहात फिरली आणि मागच्या रांगेतल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी पेन काढून व्याज सरळ धरायचं की चक्रवाढ, एवढंच विचारलं. चेअरमनसाहेब म्हणाले, असल्या जुन्या यंत्रातून काहीही निघतं, त्याला पुरावा म्हणत नाहीत.

संध्याकाळी ते घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मशीन बघितलं, कौतुक केलं, चहा घेतला. मग सहज आठवल्यासारखं विचारलं, "या फ्लॉप्यांजवळ लोहचुंबक नेलं तर म्हणे सगळं पुसलं जातं. खरं का हो?"

खरं आहे, मी म्हणालो. म्हणून मी त्या यादीच्या दोन नकला काढून ठेवल्या आहेत.

"बरं केलंत," ते म्हणाले आणि कप ठेवायला आपण होऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे आमच्या फ्रिजच्या दारावर गणपतीपुळ्याहून आणलेलं एक मॅग्नेट आहे. ते त्यांनी जरा जास्तच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "दुसरी नक्कल कुठे ठेवलीत म्हणालात?"